मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मधुमेही आईच्या पडद्याला सूज आली आहे. जाणकारांचे मार्गदर्शन हवे

रंकाळाकाठ

सर्वांना नमस्कार.

माझी आई ६७ वर्षांची असून तिला पंधरा वर्षांहून अधिक काळ मधुमेह आहे. ती कागल तालुक्यात आमच्या गावी राहते, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत असते. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू पिकत आल्यामुळे दिवाळीनंतर येथील एका रुग्णालयात फेको (लहान छेदाच्या) पद्धतीने शस्त्रक्रिया करून भिंग बसवले. शस्त्रक्रिया चांगली झाली. पट्टी काढल्यावर तिला रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचता आली आणि पुढचे काही आठवडे ती जवळचा चष्मा लावून हरिपाठ वाचत होती.

सुमारे दीड महिन्यानंतर मात्र तक्रारी सुरू झाल्या. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, दाराची चौकट मध्येच वाकल्यासारखी वाटते, समोरच्या माणसाचे केस आणि कान दिसतात पण नाकडोळ्यांच्या जागी धुरकट डाग येतो, असे ती सांगू लागली. डोळा लाल नाही, दुखत नाही, त्यातून पाणीही येत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून तपासले, ओसीटी (पडद्याचे थर आणि जाडी दाखवणारा स्कॅन) काढायला लावले आणि पडद्याच्या मध्यभागी सूज असल्याचे सांगून पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवले आहे. अहवालात मधल्या भागाची जाडी ४६८ मायक्रॉन लिहिली आहे आणि आत पाण्याच्या पोकळ्या असल्याची नोंद आहे.

घरात सध्या प्रत्येकाचे मत वेगळे आहे. मामांना वाटते की भिंगच सदोष असावे, शेजारच्या काकू म्हणतात की घाईने शस्त्रक्रिया केली, आणि आई स्वतःला दोष देत बसली आहे की संक्रांतीला तिळगूळ खाल्ला म्हणून हे झाले. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. आधी स्वच्छ दिसू लागलेले पुन्हा अंधूक का झाले? ही सूज उतरते का? आणि डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागेल असे सारे म्हणतात, ते प्रत्येकालाच लागते का?

जुना_नेत्रतज्ज्ञ

आपण लक्षणांचे वर्णन फार नेमके केले आहे आणि तेच निदानासाठी उपयोगी पडते. मी अनेक वर्षे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या असून आता निवृत्त आहे. आईंना न तपासता मी औषध सुचवणार नाही, परंतु काय घडले असावे हे सांगू शकतो.

प्रथम आईंच्या मनातील अपराधीपणा दूर करावा. एका सणाच्या तिळगुळाने पडद्याला सूज येत नाही. भिंगाचाही येथे संबंध दिसत नाही, कारण भिंग डोळ्याच्या पुढच्या भागात असते आणि सूज मागच्या पडद्यावर, मॅक्युला नावाच्या मध्यबिंदूवर आलेली आहे. वाचणे, चेहरा ओळखणे, सुई ओवणे ही सारी कामे या इवल्याशा जागेवर चालतात. म्हणून तेथे पाणी साठले की कडेचे दिसत राहते आणि नेमके मधले हरवते.

शस्त्रक्रिया कितीही सफाईने केली तरी डोळ्याच्या दृष्टीने ती एक जखमच असते. त्या जखमेमुळे प्रोस्टाग्लँडिन आणि तत्सम दाहक द्रव्ये तयार होतात, ती मागे पडद्यापर्यंत पोहोचतात आणि तेथील केशवाहिन्यांच्या भिंती सैल करतात. वाहिनीतील पाणी झिरपून पडद्याच्या थरांत साठते. हे मधुमेह नसलेल्यांनाही होते. अर्व्हिन यांनी १९५३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि गॅस यांनी १९६६ मध्ये अँजिओग्राफीद्वारे (शिरेतून रंग देऊन पडद्याच्या वाहिन्यांची छायाचित्रे घेऊन) गळती नेमकी कोठून होते ते दाखवले. म्हणून तिला अर्व्हिन-गॅस सिंड्रोम म्हणतात. ही सूज बहुधा शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी जाणवते. आईंना आधी स्वच्छ दिसले आणि नंतर अंधूक झाले, याचा उलगडा त्यात आहे.

मधुमेह असलेल्यांच्या केशवाहिन्या आधीच कमकुवत झालेल्या असतात. ब्रिटनमधील ऐंशी हजारांहून अधिक डोळ्यांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत अशी सूज मधुमेह नसलेल्यांपैकी १.१७ टक्के तर मधुमेहींपैकी ४.०४ टक्के डोळ्यांत आढळली. पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नसलेल्या मधुमेहींनाही धोका अधिक होता आणि खुणा असतील तर तो कितीतरी वाढत होता. म्हणजे शंभरातील बहुतेक मधुमेही या त्रासातून सुटतात, हेही आईंना सांगावे. परंतु ज्यांना तो होतो त्यांचा दोष नसतो आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करणाऱ्याचाही नसतो.

आता खरा प्रश्न असा की आईंची सूज शस्त्रक्रियेमुळे आलेली आहे, की मधुमेहाची जुनीच सूज शस्त्रक्रियेनंतर उसळली आहे, की दोन्ही एकत्र आहेत. उपचार यावरच ठरतो. निव्वळ शस्त्रक्रियेनंतरची सूज अनेकदा थेंबांनी, कित्येकदा आपोआपही, तीन-चार महिन्यांत उतरते. मधुमेहाची सूज मात्र सहसा थेंबांना दाद देत नाही आणि तेथे डोळ्यातील इंजेक्शनचा विचार लवकर करावा लागतो. फरक ओळखण्यासाठी पडद्याचे डॉक्टर शिरेतून फ्लुरेसिन नावाचा पिवळा रंग देऊन छायाचित्रे घेतात. दृष्टीची नस जेथे डोळ्यात शिरते ती चकतीही गळत असेल आणि मध्यबिंदूभोवती पाकळ्यांसारखा आकार उमटत असेल तर कल शस्त्रक्रियेकडे जातो. केशवाहिन्यांचे बारीक फुगे, रक्ताचे ठिपके आणि पिवळट चरबीचे साठे दिसले तर मधुमेहाकडे जातो. शस्त्रक्रियेपूर्वीचा ओसीटी असेल तर तो अवश्य शोधून काढा. आधी पडदा कोरडा होता की नव्हता हे त्या एका कागदावरून कळते.

चष्मा_लक्ष्मीपुरी

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. जुना_नेत्रतज्ज्ञ सरांनी मूळ विषय मांडलाच आहे, त्यामुळे मी केवळ माझ्या टेबलावर रोज दिसणाऱ्या गोष्टींविषयी लिहितो.

शस्त्रक्रियेनंतर महिन्या-दीड महिन्याने अंधूक झाले की बहुतेक लोक प्रथम आमच्याकडे येतात आणि नंबर काढून मागतात. अशा वेळी आम्ही बारीक छिद्र असलेली काळी चकती डोळ्यासमोर धरतो. छिद्रातून अक्षरे स्पष्ट झाली तर दोष बहुधा नंबराचा असतो; छिद्रातूनही तितकेच अंधूक दिसले किंवा आणखी खराब दिसले तर चष्मा करून देण्यात अर्थ नाही, त्या माणसाला लगेच डॉक्टरांकडे पाठवावे लागते. रंकाळाकाठ ताई, सूज उतरून दृष्टी स्थिर होईपर्यंत आईंचा कायमचा चष्मा करू नका, कारण सूज कमी-जास्त होताना नंबरही हलतो आणि खर्च वाया जातो.

"मोतीबिंदू परत आला" असे ज्याला लोक म्हणतात तो प्रकार वेगळा आहे. भिंग ज्या पातळ पिशवीत बसवलेले असते तिची मागची बाजू काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गढूळ होते. ती याग लेझरने काही मिनिटांत मोकळी करता येते. त्या प्रकारात सारे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, परंतु चौकट वाकडी दिसत नाही. सरळ रेषा वाकणे हे पडद्याचे लक्षण आहे.

घरच्या घरी लक्ष ठेवण्यासाठी भिंतीवरचे कालनिर्णय पुरेसे आहे. जवळचा चष्मा लावून, हातभर अंतरावरून, एक डोळा तळहाताने झाकून तारखांचे चौकोन पाहावेत. मधल्या तारखेकडे नजर ठेवली असता आजूबाजूच्या रेषा सरळ दिसतात का, एखादा चौकोन पुसट किंवा लहान वाटतो का, हे पाहावे आणि नंतर दुसऱ्या डोळ्याने तेच करावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्याला एका डोळ्यातील बिघाड कित्येक आठवडे कळत नाही, कारण चांगला डोळा सारे सांभाळून घेतो.

गडहिंग्लजकर

माझ्या वडिलांना मधुमेहामुळे पडद्याला सूज आली होती आणि त्यांच्या डोळ्यात अनेक इंजेक्शने झाली. त्यांचा मोतीबिंदू त्याआधीच काढला होता. त्या वेळी पडदा तपासून घ्या असे आम्हांला कोणीही सांगितले नव्हते, आणि शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ वर्षभर "वयामुळे असे होणारच" म्हणत आम्हांला परत पाठवले जात होते. त्या रुग्णालयाचे नाव येथे लिहीत नाही. परंतु ताईंच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ओसीटी काढायला लावले हे त्यांचे फार चांगले झाले, असे मला मनापासून वाटते.

डोळ्यात सुई या शब्दांनीच माणूस घाबरतो, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. आधी डोळा बधिर करणारे थेंब घालतात. मग तपकिरी रंगाच्या पोविडोन आयोडीनने पापण्या आणि डोळा धुतात. वडिलांच्या म्हणण्यानुसार सर्वांत जास्त चुरचुर त्याचीच होते. पापण्या मिटू नयेत म्हणून छोटा चिमटा लावतात. डॉक्टर वर किंवा बाजूला बघायला सांगतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, अतिशय बारीक सुईने औषधाचा एखादा थेंब आत सोडतात. सुई आत असते ती काही क्षणच. डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा बुडबुडे तरंगताना दिसतात, ते एक-दोन दिवसांत जातात. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला तर भिऊ नये. मात्र पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली, उजेड सहन होईना आणि नजर उतरत गेली, तर सकाळ होण्याचीही वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचे, असे आम्हांला बजावले होते. आतला जंतुसंसर्ग विरळा असतो, पण तो डोळा घालवू शकतो.

बाहुली मोठी केल्यावर पुढचे काही तास समोरचे नीट दिसत नाही आणि उन्हाचा त्रास होतो, म्हणून रुग्णाला एकट्याने एसटीने पाठवू नये. ओसीटी शक्यतो प्रत्येक वेळी एकाच यंत्रावर करून घ्यावा, कारण निरनिराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी थेट जुळत नाहीत. आणि अहवालाचा मोबाईलवर फोटो काढून मूळ कागद कुठेतरी ठेवून देण्याची सवय आपल्याकडे फार आहे. तसे न करता सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलीत लावावेत. वडिलांच्या उपचारातील एक महत्त्वाचा निर्णय ओसीटीचा जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवल्यामुळेच घेता आला.

खर्चाविषयी विचारणे अनेकांना संकोचाचे वाटते, पण ते पहिल्याच भेटीत विचारावे. इंजेक्शनच्या औषधांपैकी बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध असून डोळ्यासाठी अत्यल्प मात्रेत वापरतात आणि ते पुष्कळ स्वस्त पडते. रॅनिबिझुमॅबचे भारतात तयार झालेले समरूप औषध २०१५ पासून मिळते. अफ्लिबरसेप्ट महाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना कागदपत्रे दाखवून विचारावे, आणि कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागातही चौकशी करावी.

ऊसमळा

धागा वाचून थोडी काळजी वाटली म्हणून विचारतो. मलाही मधुमेह आहे आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. साखर कारखान्यांचा हंगाम संपला की शस्त्रक्रिया करायची असे ठरले आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेनऊ टक्के आली आहे. आता शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, की महिन्याभरात साखर झपाट्याने खाली आणून करून घ्यावी?

जुना_नेत्रतज्ज्ञ

ऊसमळा, तारीख ठरवण्याआधी दोन्ही डोळ्यांची बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि ओसीटी काढा. मोतीबिंदू फार गढूळ असेल तर आतले दिसत नाही, तेव्हा सोनोग्राफी करतात; पण बहुतेकांचा ओसीटी होऊ शकतो. पडद्यावर सूज असेल तर आधी तिचा उपचार करतात, किंवा शस्त्रक्रियेच्या वेळीच इंजेक्शनही देतात. नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर प्रथम लेझर करावे लागते. पडदा कोरडा आणि स्वच्छ असेल तर निश्चिंतपणे शस्त्रक्रिया करून घ्या, परंतु नंतरची तपासणी "दिसते आहे ना चांगले" म्हणून टाळू नका. मी रुग्णांना नेहमी पहिल्या आठवड्याइतकीच सहाव्या आठवड्याची भेट महत्त्वाची आहे असे सांगत असे, आणि ऊसतोडीच्या, लग्नसराईच्या दिवसांत नेमकी तीच भेट चुकते.

मोतीबिंदू अगदी पांढरा होईपर्यंत थांबणेही योग्य नाही. तो जितका कडक होतो तितकी शस्त्रक्रिया लांबते, डोळ्याला इजा अधिक होते, आणि पडद्यावर काय चालले आहे ते मधल्या काळात कोणालाच दिसत नाही.

साखरेविषयी मधुमेहाच्या डॉक्टरांनी लिहावे.

फिजिशियन_ताराबाई_पार्क

साखर अवश्य खाली आणावी, परंतु एका महिन्यात साडेनऊवरून साडेसहावर आणण्याचा अट्टहास करू नये. दीर्घकाळ वाढलेली साखर एकदम उतरवली तर पडद्याचा आजार सुरुवातीचे काही महिने उलट वाढू शकतो, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीपासून आम्हांला माहीत आहे. २०१६ मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाच्या एका चाचणीतही पडद्याच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्या गटात अधिक दिसल्या आणि त्याचे कारण बहुधा हीच वेगाने उतरलेली साखर होती. ज्यांच्या पडद्यावर आधीच खुणा आहेत त्यांनी औषध बदलताना पडदा तपासून घेतलेला बरा. दीर्घकाळात मात्र साखर आटोक्यात ठेवण्याचा फायदाच होतो, याविषयी कोणतीही शंका नाही.

माझ्या अनुभवात डोळ्याच्या सुजेविषयी बोलताना सारे घर साखरेवर तुटून पडते आणि बाकी गोष्टी विसरल्या जातात. रक्तदाब वाढलेला असेल तर गळती वाढते. मूत्रपिंड कमजोर होऊन अंगावर सूज येत असेल तर पडद्यातही पाणी साठते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तरी पडद्याची अवस्था बिघडते. म्हणून सूज असलेल्या प्रत्येक मधुमेहीचा रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, हिमोग्लोबिन आणि रक्तातील चरबी तपासावी. पायोग्लिटाझोन या गोळीने शरीरात पाणी धरून राहते आणि काहींच्या पडद्याची सूज तिच्यामुळे वाढते. ती इतर औषधांसोबत एकाच गोळीत मिसळलेलीही असते, त्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला ठाऊक नसते. रंकाळाकाठ ताई, आईंच्या गोळ्यांची पाकिटे पडद्याच्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. "साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो" असे अभिमानाने सांगणारे रुग्ण मला आठवड्यातून अनेकदा भेटतात. गूळ घरच्या गुऱ्हाळातला असो वा मार्केट यार्डातला, त्यातील बहुतांश भाग उसाची साखरच असते आणि रक्तात गेल्यावर शरीर त्यात भेद करत नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. येथे वाचलेले सारे कागदावर उतरवून आम्ही पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो.

शस्त्रक्रियेपूर्वीचा ओसीटी रुग्णालयाने काढून दिला. त्यात उजव्या डोळ्याची जाडी २७१ मायक्रॉन होती आणि पाण्याची पोकळी नव्हती. अँजिओग्राफीत नसेची चकती गळताना दिसली, पाकळ्यांचा आकारही उमटला, आणि त्याखेरीज मधुमेहाचे मोजके बारीक फुगे दिसले. डॉक्टरांच्या मते मुख्य वाटा शस्त्रक्रियेनंतरच्या दाहाचा असून मधुमेहाने त्यात भर घातली आहे. त्यांनी प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड आहे) आणि नेपाफेनॅक असे दोन थेंब दिले आहेत, महिन्याने पुन्हा ओसीटी करायचा आहे आणि तेव्हा इंजेक्शनचा निर्णय घेऊ असे सांगितले आहे. गोळ्यांच्या पाकिटांत पायोग्लिटाझोन निघाले. तिच्या फिजिशियननी ते बदलून दिले.

एक शंका उरली आहे. माझ्या मामांना काचबिंदू आहे. आईला स्टिरॉइडचे थेंब चालतील का?

जुना_नेत्रतज्ज्ञ

हा प्रश्न पुढच्या भेटीत प्रथम विचारा, किंवा त्याआधी फोन करून कळवा. स्टिरॉइडने काहींच्या डोळ्यातील दाब वाढतो आणि ज्यांच्या सख्ख्या भावाबहिणींना काचबिंदू आहे त्यांच्यात ती शक्यता जास्त असते. याचा अर्थ थेंब देऊच नयेत असा नाही. दोन-तीन आठवड्यांनी दाब मोजावा आणि वाढला तर औषध बदलावे, इतकाच आहे. दाब वाढल्याचे रुग्णाला स्वतःला कळत नाही, म्हणून मोजण्याला पर्याय नाही. जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडची बाटली महिनोन्महिने घेत राहण्याने कायमचे नुकसान झालेले डोळे मी पाहिले आहेत.

नेपाफेनॅकविषयीही थोडे लिहितो. हे स्टिरॉइड नसलेले दाहशामक थेंब असून युरोपात मधुमेहींच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज टाळण्यासाठी त्यांना मान्यता आहे. दीर्घकाळ वापरताना, विशेषतः डोळे कोरडे असतील तर, बुबुळाच्या पृष्ठभागाला क्वचित इजा होते. डोळा टोचू लागला, पाणी वाहू लागले तर थेंब थांबवून दाखवावे.

थेंब घालण्याची पद्धतही आईंना समजावून द्या, कारण निम्मे औषध गालावरून ओघळून जाते. ही दोन्ही औषधे दुधाळ स्वरूपाची असून त्यांतील औषध तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी बाटली नीट हलवावी. खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा, डोळा हलकेच मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध किमान पाच मिनिटांनी घालावे.

चष्मा_लक्ष्मीपुरी

गावाकडे आई एकट्या असतील आणि हात थरथरत असेल तर आडवे झोपून थेंब घालणे सोपे जाते. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दोन बाटल्यांची झाकणे सारख्या रंगाची असतील तर एकीला जाड दोरा गुंडाळून ठेवावा. अंधूक दिसणाऱ्याला तो बोटाने ओळखता येतो.

रंकाळाकाठ

महिनाभरानंतरची माहिती देत आहे. दाब मधल्या काळात मोजला, तो योग्य मर्यादेत होता. जाडी ४६८ वरून ३५२ वर आली आहे. चौकट आता कमी वाकडी दिसते, परंतु बारीक अक्षर अजून लागत नाही. मधुमेहाच्या फुग्यांच्या जागी थोडे पाणी उरले असल्यामुळे डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवले आहे. दृष्टी फार खालावलेली नसताना इंजेक्शनच्या तिन्ही प्रचलित औषधांचा परिणाम साधारण सारखाच मिळतो, असे त्यांनी सांगितल्यामुळे आम्ही त्यांतील परवडणारे निवडले. आई तयार आहे. गडहिंग्लजकरांनी लिहिलेले मी तिला मोठ्याने वाचून दाखवले, त्याचा फार उपयोग झाला.

आता तिचा डावा डोळा. त्यातही मोतीबिंदू आहे आणि तो वाढतो आहे. उजव्या डोळ्याच्या अनुभवानंतर डाव्याची शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर घरात पुन्हा वाद सुरू झाला आहे.

जुना_नेत्रतज्ज्ञ

करावी, पण घाई नको. एका डोळ्याला अशी सूज आली असेल तर दुसऱ्याला येण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक धरावी लागते, आणि ते आधीच ठाऊक असणे हाच आपला फायदा आहे. उजवा डोळा कोरडा होऊन काही आठवडे स्थिर राहू द्यावा. डाव्याचा ओसीटी शस्त्रक्रियेच्या अगदी आधी पुन्हा काढावा. काही महिन्यांपूर्वीचा चालणार नाही. दाहशामक थेंब शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी सुरू करून नंतर दोन महिन्यांपर्यंत चालू ठेवण्याची पद्धत मधुमेहींसाठी बऱ्याच ठिकाणी आहे, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका चाचणीत, शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आवरणाखाली ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड दिल्याने मधुमेहींतील सूज कमी झाली, मात्र त्यातील काहींचा दाब वाढला. आईंच्या घरात काचबिंदू आहे, त्यामुळे तो मार्ग त्यांच्यासाठी योग्य आहे का हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावे. उजव्याच्या वेळी भिंगाची पिशवी शाबूत राहिली होती का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहून ठेवा. पिशवी फाटली असेल तर सुजेचा धोका वाढतो आणि सुजेवर स्टिरॉइडची विरघळणारी कांडी डोळ्यात ठेवली तर ती कांडी डोळ्याच्या पुढच्या भागात सरकण्याचीही भीती असते.

रंकाळाकाठ

डिस्चार्ज कार्ड पाहिले, पिशवी शाबूत असल्याची नोंद आहे. डाव्या डोळ्याचा ओसीटी काल केला, जाडी २६६ असून पडदा कोरडा आहे. शस्त्रक्रिया उन्हाळ्यानंतर करायचे ठरले आहे. तोपर्यंत उजव्याची पुढील इंजेक्शने होतील, रक्तदाबाची वही सुरू केली आहे, आणि कालनिर्णयाची पाहणी आई रोज सकाळी चहाच्या आधी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी करते. इंजेक्शननंतरचा ओसीटी आला की येथेच कळवीन.